गुरुवारची पट्टी

अंबिका आवरगंडने पिशवीतून पत्र्याच्या दोन पट्ट्या काढून टेबलावर ठेवल्या, तेव्हा हरिओमकाकांना वाटलं की बाई काहीतरी विकायला आली आहे.

"आम्हाला नको," ते सौम्यपणे म्हणाले.

"काका, त्यांना बसू तर द्या," राजेश्री पेडगावकर आतून म्हणाली.

वसमत रस्त्यावर, वह्या-पुस्तकांच्या दुकानावरच्या या खोलीत राजेश्रीचं तपासाचं काम चाले. पंधरा वर्षं तिने विमा कंपन्यांसाठी जळालेली दुकानं आणि आपटलेल्या गाड्या तपासल्या होत्या, आता ती स्वतःसाठी काम करत होती. हरिओमकाका दैठणकर हे ग्रंथालयातून निवृत्त झालेले. फायली लावणं, चहा सांगणं आणि उशिरा समजणं ही कामं त्यांनी आपणहून अंगावर घेतली होती.

अंबिका खुर्चीच्या कडेवर बसली. वय अठ्ठावीस-तीस. हातांवर ठिणग्यांचे बारीक डाग.

"ताई, मी पोखर्णी रस्त्यावर गोविंदराव गरुडांच्या कारखान्यात स्पॉट वेल्डिंग करते. आम्ही धान्याच्या पत्र्याच्या कोठ्या बनवतो. रविवारी त्यातली एक कोठी उसवली. सोयाबीन बाहेर आलं, पत्रा सिताराम नावाच्या हमालाच्या पायावर पडला. दोन बोटं मोडली. मालक म्हणतात, चूक माझी."

"आणि तुम्ही म्हणता, नाही."

"मी म्हणते, माझी पट्टी चांगली होती."

"पट्टी म्हणजे?" हरिओमकाकांनी विचारलं.

तिने टेबलावरच्या पट्ट्या एकावर एक ठेवल्या. "रोज सकाळी काम सुरू करायच्या आधी त्याच पत्र्याच्या दोन पट्ट्या अशा ठेवायच्या. मधे एक वेल्ड मारायचा. मग एक पट्टी सोलून काढायची. वेल्ड पक्का असला की पत्रा फाटतो, पण वेल्ड सुटत नाही. एका पट्टीला भोक पडतं आणि तेवढा गोल तुकडा दुसरीला चिकटून राहतो. त्याला आम्ही बटण म्हणतो. हे बघा."

एका पट्टीला खरोखरच बारीक बटणासारखा उंचवटा होता, दुसरीला तेवढंच भोक.

"आणि कच्चा असला की?"

"दोन पट्ट्या नुसत्या वेगळ्या होतात. भोक नाही, बटण नाही. निळसर डाग तेवढा राहतो." ती थांबली. "या सोललेल्या जोडीलाच आम्ही पट्टी म्हणतो. तिच्यावर तारीख कोरून ती मालकांच्या केबिनमधल्या तारेत ओवायची, असा नियम आहे. या कोठ्या गेल्या गुरुवारी झाल्या. त्यानंतर स्पॉटचं काम आलंच नाही, शुक्रवार-शनिवारी नुसता पत्रा कापत होतो. त्या दिवशी बटण आलं होतं. मी वहीत लिहिलंसुद्धा. पण काल मालकांनी तार काढली, तर गुरुवारच्या पट्टीला बटणच नाही."

"म्हणजे पट्टी बदलली."

"कोण मानतंय? मालक म्हणतात, चाचणी नापास झाली आणि तू खोटं लिहिलंस. सोमवारी मला जिंतूरच्या ट्रेनिंग सेंटरला शिक्षिका म्हणून रुजू व्हायचंय. मालकांचा अनुभवाचा दाखला नसेल तर ते घेणार नाहीत. मालक म्हणतात, दाखला देईन, पण जे घडलं ते त्यात लिहीन."

राजेश्रीने पट्टी बोटांत फिरवली. "गुरुवारी दिवसभर यंत्रावर तुम्हीच होतात?"

"नाही. आठातल्या तीन कोठ्या मी केल्या. जेवणानंतर मला पत्रा वाकवायच्या यंत्रावर पाठवलं आणि मालकांचा मुलगा श्रीनिधी स्पॉटवर बसला. पण मालक म्हणतात, सकाळी तू पास केलेल्या यंत्रावरच तो बसला ना?"

"वेल्ड बिघडतो कशाने?"

"शंभर गोष्टींनी. पत्रा वरून-खालून दाबणारी तांब्याची दोन टोकं असतात, त्यांना टिप म्हणतात. वीज त्यातून जाते. टिपवर घामाचं बोट लागलं तरी वेल्ड बिघडतो. फडक्याने पुसल्याशिवाय पट्टी मारायची नाही, हे योगीराजमामांनी मला पहिल्या दिवशी शिकवलं. ते आमचे मिस्त्री. टिप घासायला कानस फक्त त्यांचीच. दुसऱ्या कुणी हात लावला की चिडतात."

"रविवारी कोठी उसवली. पट्टी बघायला बुधवार का उजाडला?"

"रविवारी मालक दवाखान्यात होते. सोमवारी खंडेनवमी. पूजेच्या दिवशी वाद नको, बुधवारी बघू, असं म्हणाले. पूजा झाली, मी बाराच्या गाडीने घरी गेले, चुडाव्याला. काल सकाळी परत आले."

राजेश्री उठली. "चला काका. आधी कोठ्या बघू."

•

आठही कोठ्या कारखान्याच्या अलीकडे, एका शेतकरी गटाच्या गोदामात रिकाम्या उभ्या होत्या. प्रत्येकीवर आकडा ठोकलेला. सहा नंबरच्या कोठीचा एक पत्रा वरपासून खालपर्यंत उघडला होता. गोदामात सोयाबीनचा वास होता आणि पायाखाली दाणे घसरत होते.

"ही पाच नंबरची किती सुंदर दिसते," हरिओमकाका म्हणाले. "वेल्डचे डागच दिसत नाहीत. या पहिल्या तिन्हींना मात्र देवीचे व्रण असल्यासारखं वाटतं."

राजेश्री एकदम थांबली. "काय म्हणालात?"

"काही नाही. आपलं उगीच."

"काका, खालचा एक दाणा द्या."

तिने सोयाबीनचा दाणा एक नंबरच्या कोठीवरच्या वेल्डच्या खळग्यावर धरला. खळगा दाण्याखाली पूर्ण झाकला गेला. दोन आणि तीन नंबरवरही तसंच. मग तिने तो चार नंबरवर धरला. इथला खळगा उथळ होता, पण पसरट, आणि दाण्याच्या सगळ्या बाजूंनी बाहेर दिसत होता. आठ नंबरपर्यंत तेच.

गोदामवाल्याला विचारून तिने दोन नंबरच्या जोडात छिन्नी घालून हातोडीने ठोकलं. पत्रा वाकला, वेल्ड हलला नाही. सात नंबरच्या जोडात छिन्नी घातली, तर दुसऱ्याच ठोक्याला 'टक्' करून वेल्ड सुटला.

"दाणा खिशात ठेवा," ती म्हणाली.

"पुरावा?"

"मोजपट्टी."

•

गोविंदराव गरुड साठीचे, पांढऱ्या शर्टातले, थकलेले गृहस्थ होते. त्यांनी चहा सांगितला, मग म्हणाले, "तुम्ही तिच्या बाजूनं आलात, ठीक हाय. पण सितारामच्या घरी मी जाऊन आलोय. त्याला काय सांगू? आमच्या पोरीला दुसरी नोकरी लागली म्हणून इसरून जा?"

"खरं काय ते सांगू. पट्टी दाखवता?"

केबिनच्या भिंतीवर खिळ्याला तार अडकवली होती, तीत महिनाभराच्या पट्ट्या. गुरुवारची वेगळी काढून टेबलावर ठेवली होती. भोक नाही, बटण नाही, मधे निळसर डाग. तारखेचे आकडे खिळ्यानं कोरलेले, कुणाच्याही हातचे वाटतील असे.

"पूजा या केबिनमध्येही झाली का?"

"न्हाई. पूजा खाली, यंत्रांची. इथं फक्त देवाच्या फोटोला हार."

राजेश्रीने पट्टी उलटी केली. बाहेरच्या बाजूला टिपचा खळगा उमटला होता. तिने हात पुढे केला, हरिओमकाकांनी त्यात दाणा ठेवला. दाणा खळग्याच्या मधोमध बसला आणि त्याच्याभोवती खळगा दिसत राहिला. मग तिने पर्समधून भिंग काढलं आणि जोडीतल्या दोन्ही पट्ट्यांच्या बाहेरच्या बाजू बराच वेळ पाहिल्या.

"काय दिसतंय?" गोविंदरावांनी विचारलं.

"अजून नक्की नाही. श्रीनिधी आहे का?"

श्रीनिधी आला तो हातरुमालाने खुर्ची पुसूनच बसला. पंचविशीचा, नीटनेटका. बाहेर लावलेली त्याची मोटारसायकल खिडकीतून चमकत होती.

"दसऱ्याची पूजा केली नाही गाडीची?" हरिओमकाकांनी सहज विचारलं.

"केली ना काका. पण त्या ओल्या कुंकवावर धूळ बसते. संध्याकाळीच धुवून टाकली. बाबा रागावले, पण काय करणार."

राजेश्री म्हणाली, "गुरुवारी दुपारी स्पॉटवर तुम्ही होता."

"हो. मला येतं, डिप्लोमा आहे माझा. त्या कोठ्यांतल्या दोन कृषी प्रदर्शनात ठेवायच्या होत्या. गिऱ्हाईक आधी पत्र्यावरचे डाग बघतं, मॅडम. माल गुळगुळीत पाहिजे, असं मी सकाळपासून सांगत होतो."

"दुपारी डाग उथळ झाले. विचारलं नाही कसे?"

"मला वाटलं, माझा हात चांगला," तो हसला. मग हसू ओसरलं. "का? त्यात काही..."

"दसऱ्याच्या दिवशी कारखान्यात आला होता?"

"सकाळी. प्रदर्शनाची पत्रकं न्यायला. या केबिनमधूनच नेली."

फाटकावरच्या बजरंगने जास्त सांगितलं. तो दोन्ही दिवस तिथेच होता.

"सोमवारी पूजा झाली अन् समदे बारा वाजता गेले. मंगळवारी सकाळी छोटे मालक आले, अर्धा घंटा व्हते. चार वाजता योगीराज मिस्त्री आला, मशिनीला आपट्याची पानं व्हायला. दरसाल येतो तो. लय देवभोळा माणूस."

"किती वेळ होता?"

"अर्धा घंटा आसंल. पानं व्हायली, मला सोनं दिलं, गेला."

"यंत्राचा आवाज आला का? सकाळी किंवा चारला?"

"काय की बाई! पलीकडं देवीचा भोंगा चालू व्हता. माझं मलाच ऐकू यायलं न्हवतं."

"आणि तू स्वतः कधी चालवलंस ते यंत्र?"

बजरंग दोन पावलं मागे सरला. "मी? त्याच्यातून ठिणगी निघती, बाई. मी तिकडं बघत बी न्हाई."

•

स्पॉटचं यंत्र शेडच्या कोपऱ्यात उभं होतं. झेंडूचा हार सुकला होता, वर आपट्याची पानं होती. खालच्या आणि वरच्या टिपच्या बाजूंना कुंकू अजून लालभडक होतं. टिपची तोंडं मात्र काळवंडलेली.

योगीराज मिस्त्री यंत्राशेजारी उभा राहिला. पन्नाशी उलटलेला, कपाळावर अष्टगंध, बोलणं हळू.

"पूजेनंतर यंत्र चाललंय?" राजेश्रीने विचारलं.

"न्हाई. पूजा झाल्यावर दसरा होईस्तोवर हत्याराला काम सांगायचं नसतं. अन् कालपासून मालकानं बंदच ठिवलंय."

"टिप तुम्हीच घासता?"

"मीच. आठवड्यातून दोनदा."

"त्या पट्टीबद्दल तुमचं काय म्हणणं?"

तो जमिनीकडे बघत राहिला. "पोरगी हुशार हाय. मीच शिकिवलंय तिला. पण माणूस हाय, चुकतं."

राजेश्रीने खिशातून रुमाल काढला. "टिपचं तोंड नीट दिसत नाही. जरा पुसते."

"बाई, नको!" त्याचा हात इतक्या झटकन पुढे आला की हरिओमकाका दचकले. योगीराज ओशाळला. "पूजेचं कुंकू पुसत नसतेत. काम करता करता आपोआप जातं ते. आमच्या वडिलांपासून हायच तसं."

"चुकले," राजेश्री म्हणाली आणि तिने रुमाल घडी करून खिशात ठेवला.

शेडमधून बाहेर पडताना हरिओमकाका कुजबुजले, "श्रीनिधीच ना? दुपारी यंत्रावर तोच, गुळगुळीत माल त्यालाच हवा, डिप्लोमा त्याचा, दसऱ्याला इथं तोच."

"सगळं बरोबर आहे, काका. तरी तो नाही."

•

गोविंदरावांच्या केबिनमध्ये सगळे बसले. अंबिका दाराशी उभी होती. योगीराजही उभाच.

"आधी कोठी का उसवली ते बघू," राजेश्री म्हणाली. "काका, तुम्ही नळीनं झाडांना पाणी घालता. धार लांब न्यायची तर काय करता?"

"नळीच्या तोंडावर अंगठा धरतो."

"तोंड लहान झालं की धार जोरात. मोठं केलं की तेच पाणी पायाशी पडतं. टिपचंही तसंच. तोंड लहान असलं की सगळी वीज एका ठिकाणी जाते, पत्रा वितळतो आणि एकजीव होतो. पण खळगा खोल पडतो, तो दिसतो. तोंड कानशीनं पसरट केलं की खळगा उथळ, माल गुळगुळीत. वीज मात्र तेवढीच, पसरलेली. पत्रा नुसता तापतो आणि चिकटल्यासारखा दिसतो."

श्रीनिधीचा चेहरा उतरला.

"पहिल्या तीन कोठ्यांवरचे खळगे लहान आहेत आणि त्यांचे जोड पक्के आहेत. चारपासून आठपर्यंत खळगे मोठे आणि जोड कच्चे. म्हणजे टिप घासली गेली ती तिसऱ्या कोठीनंतर, जेवणाच्या सुट्टीत. आता ही पट्टी बघा." तिने दाणा पट्टीवर ठेवला. "हिच्यावरचा खळगा मोठा आहे. गोविंदराव, ही सकाळची पट्टी म्हणता. सकाळी टिप लहान होती. मग हा खळगा सकाळी कसा पडला?"

गोविंदरावांनी पट्टी हातात घेतली आणि दाणा पुन्हा तिच्यावर ठेवून पाहिला.

"म्हणजे दुपारनंतर केली."

"दुपारनंतर, पण कोणत्या दिवशी? भिंगातून बघा. खळग्याच्या कडेला गोल लाल रेघ आहे. दोन्ही पट्ट्यांना, वरून आणि खालून, अगदी खळग्याच्या काठावर दाबली गेलेली. मधलं जळून गेलं, कडेचं राहिलं. ते कुंकू आहे. केबिनमध्ये पूजा झालेली नाही, तेव्हा ते उडून पडलेलं नाही. आणि खाली टिपच्या बाजूंना कुंकू जसंच्या तसं आहे, तोंडावरचं मात्र गेलंय, तोंड काळं पडलंय. ही पट्टी पूजेनंतर झाली. सोमवारी दुपारपासून काल सकाळपर्यंत अंबिका चुडाव्यात होती."

अंबिकाने दाराची चौकट धरली.

"पट्टी मारून सोलणारा माणूस काम जाणणारा हवा, म्हणून बजरंग नाही. राहिले दोघं. दोघंही मंगळवारी इथं येऊन गेले, आणि या केबिनला कुलूप नसतं." राजेश्रीचा आवाज चढला नाही. "मी एका गोष्टीपाशी अडले होते. टिप पुसल्याशिवाय पट्टी मारायची नाही, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. घाईत असला तरी हात आपोआप फडक्याकडे जातो. श्रीनिधी तर खुर्चीसुद्धा पुसून बसतो, गाडीचं कुंकू त्याने त्याच दिवशी धुतलं. त्याने कुंकवासकट पट्टी मारली असती का? ती मारली अशा माणसानं, ज्याला टिपवरचं ते कुंकू घाण वाटलंच नाही. पुसायला हात धजावला नाही. पूजेच्या दिवसांत यंत्र चालवायचं पाप त्यानं पदरात घेतलं, पण कुंकू पुसायचं घेतलं नाही."

कुणीही योगीराजकडे पाहिलं नाही. त्याची गरज नव्हती.

तो बाहेर गेला. गोविंदराव उठू लागले तसं राजेश्रीने हाताने थांबवलं. दोन मिनिटांनी योगीराज परत आला. हातात त्याच्या हत्यारांच्या पेटीतलं जुनं वर्तमानपत्र होतं. त्यात गुंडाळलेली पट्टी त्याने टेबलावर ठेवली. गुरुवारची तारीख, पट्टी अंबिकाच्या हातची. भोक गोल, बटण भरीव.

"फेकवली न्हाई," तो म्हणाला. "इतकी चांगली पट्टी. मीच शिकिवलेली."

"मामा, का?" अंबिकाने विचारलं.

"तीस वरसं झाली. माझ्या हातचं काम कधी उघडलं न्हाई. छोटे मालक सकाळपासून डाग डाग करायले व्हते. म्हणलं, जरा रुंद करून बघू, चालतंय. रविवारी सितारामचा पाय बघितला अन्..." तो थांबला. "तू जाणारच व्हतीस जिंतूरला. वाटलं, तुझं काय जातंय? चार दिवस लोक बोलतील, इसरून जातील. दाखल्याचं मला ठाव न्हवतं, बाई. कालच कळलं. तवा बोलायला तोंड उघडंना."

"तीस वर्षं टिप घासतोस तू," गोविंदराव म्हणाले. "रुंद केल्यावर एक पट्टी मारून बघायला काय झालं होतं?"

"तेच, मालक. पट्टी सकाळी मारायची, आसा नियम. सकाळची झाली व्हती."

गोविंदराव मुलाकडे वळले. "अन् तू! डाग नको म्हणालास, कोठी टिकली पाहिजे असं एकदा तरी म्हणालास का? पाचही कोठ्या आजच्या आज परत आण. आणि संध्याकाळी सितारामच्या घरी तुम्ही दोघं माझ्यासंगं चला. त्याला खरं तुमच्या तोंडून कळू दे."

त्यांनी कपाटातून कारखान्याच्या नावाचा कागद काढला आणि दाखला तिथेच लिहिला. सावकाश, अक्षर जपून. शेवटी पेन थांबलं. "आणखी काही लिहू का, बाळ?"

"नको मालक. फक्त एक नियम बदला. टिपला कानस लागली की पट्टी मारायची. मग सकाळ असो की दुपार."

"आत्तापासून," गोविंदराव म्हणाले.

सगळे खाली शेडमध्ये गेले. योगीराजने कानस घेतली आणि टिपची तोंडं पुन्हा लहान, गोल केली. त्याचा हात स्थिर होता. मग त्याने फडकं उचललं आणि तसाच उभा राहिला. त्याने यंत्राला हात जोडले, डोळे मिटून ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हटलं आणि टिपच्या बाजूचं कुंकू पुसून काढलं. फडक्याची घडी करून त्याने ती शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली.

अंबिकाने पट्ट्या ठेवल्या आणि पायानं पेडल दाबलं. एक ठिणगी उडाली. हरिओमकाकांनी न सांगताच खिशातला दाणा काढून खळग्यावर ठेवला. खळगा झाकला गेला.

तिने पट्टी सोलली. पत्रा फाटला, बटण राहिलं.

"तारीख तुम्ही टाका, मामा," ती पट्टी पुढे करत म्हणाली.

योगीराजने अणकुचीदार खिळा घेतला, पण आकडा त्याला आठवेना. "आज वार कोणता?" त्याने विचारलं.

"गुरुवार," अंबिका म्हणाली.